नव्या मोटरसायकलचा गिअर ‘खट्ट’ वाजतो, तेव्हा आत काय घडत असतं?

नवी मोटरसायकल घेतलेल्या माणसाला पहिल्या काही दिवसांत सगळ्यात जास्त सतावतो तो गिअरचा आवाज. इंजिन शांत, ब्रेक चोख, दिवे झकास. पण उभ्या गाडीत क्लच दाबून पहिला गिअर टाकला की ‘खट्ट’, आणि गाडी जागच्या जागी किंचित हलते. दुसऱ्याला त्याहून कोरडा ‘खडक्’. पाय जरा हलका पडला तर गिअर लागतच नाही, नुसतं इंजिन ओरडतं. आधीची जुनी गाडी असं काही करत नव्हती, मग कोऱ्या गाडीने का करावं?

विचारायला गेलं की तीन उत्तरं मिळतात. शोरूमवाले म्हणतात, हजार किलोमीटर चालवा, आपोआप बसेल. मित्र म्हणतो, ऑइल बदलून टाक. तिसरा कुणी सांगतो, गिअरबॉक्सच खराब आलाय, भांडून बदलून घे. यातलं प्रत्येक उत्तर कुठल्या ना कुठल्या गाडीला लागू पडतं, म्हणून तर गोंधळ होतो. आपल्या गाडीला कोणतं लागू आहे हे ओळखायचं असेल, तर गिअर पडतो त्या क्षणी आत काय होतं ते एकदा नीट समजून घ्यायला हवं.

माझं म्हणणं आधीच सांगतो. नव्या गाडीतल्या बहुतेक ‘खट्ट’चं कारण वेगातला फरक हे असतं. फिरणारे दोन भाग वेगवेगळ्या गतीने फिरत असताना एकमेकांत अडकवले की आवाज होणारच. तो फरक पूर्ण घालवता येत नाही, पण कमी करता येतो, आणि ते बऱ्याच अंशी चालवणाऱ्याच्या हातापायांत असतं.

## गिअर ‘पडतो’ म्हणजे नक्की काय होतं

गिअरबॉक्समध्ये दोन दांडे असतात, त्यांना शाफ्ट म्हणतात. पहिल्या शाफ्टला क्लचमार्फत इंजिनाची ताकद मिळते. त्याला इनपुट शाफ्ट म्हणू. दुसरा ती ताकद चेनमार्फत मागच्या चाकाकडे पाठवतो. तो आउटपुट शाफ्ट. या दोन शाफ्टवर गिअरचक्रांच्या चार, पाच किंवा सहा जोड्या बसवलेल्या असतात.

बऱ्याच जणांची समजूत अशी असते की पायाने लिव्हर दाबला की कुठली तरी दोन चक्रं जवळ येतात आणि त्यांचे दात एकमेकांत जातात. तसं होत नाही. सगळ्या जोड्यांचे दात कायम एकमेकांत अडकलेलेच असतात, न्यूट्रलमध्येसुद्धा. फक्त प्रत्येक जोडीतलं एक चक्र आपल्या शाफ्टबरोबरच फिरेल असं बसवलेलं असतं आणि दुसरं आपल्या शाफ्टवर मोकळं फिरत असतं. गिअर टाकणं म्हणजे त्या मोकळ्या चक्राला शाफ्टशी जखडणं.

हे जखडण्याचं काम करतात ‘डॉग’. डॉग म्हणजे चक्राच्या बाजूच्या सपाट अंगावर असलेले जाड पोलादी खुंट. शेजारचं चक्र शाफ्टवर आडवं सरकतं आणि त्याचे खुंट मोकळ्या चक्राच्या खाचांत घुसतात. सरकवण्याचं काम गिअरबॉक्समधला फोर्क, म्हणजे चक्राला धरून ढकलणारा काट्यासारखा तुकडा, करतो, फोर्कला हलवतं नागमोडी खाचा असलेलं एक नळकांडं, आणि ते नळकांडं फिरवतो तुमचा पाय. नळकांड्याच्या टोकाला चांदणीच्या आकाराची चकती असते. स्प्रिंगने दाबलेलं एक रोलर प्रत्येक गिअरला तिच्या खळग्यात बसतं. पायाला जाणवणारी ‘टिक्’ ती.

आता आवाजाकडे या. खुंट खाचेत चटकन घुसावेत म्हणून खाच मुद्दाम खुंटापेक्षा मोठी ठेवलेली असते. खुंट आत गेला की पुढच्या क्षणी तो खाचेच्या भिंतीवर जाऊन आपटतो. पोलादावर पोलाद. खुंटांच्या कडाही थोड्या आत झुकलेल्या कापतात, म्हणजे ताकद आली की दोन्ही चक्रं एकमेकांना आणखी आत ओढून घेतात आणि चालत्या गाडीत गिअर निसटत नाही. ही रचना भक्कम असते, कमी जागेत बसते आणि पटकन काम करते. मऊपणासाठी मात्र ती बनवलेलीच नाही. महागड्या गाड्यांतही पहिला गिअर वाजतो तो यामुळेच.

## मग कारचा गिअर एवढा गुपचूप कसा पडतो?

कारच्या गिअरबॉक्समध्ये जखडण्याच्या आधी एक पायरी जास्त असते. तिला सिंक्रोमेश म्हणतात. पितळेची, आतून उतरती कापलेली एक रिंग मोकळ्या चक्रावर आधी घासते, दोघांची गती सारखी करते, आणि मगच दात अडकू देते.

बागेतल्या गोल फिरणाऱ्या पाळण्यावर चढताना मुलं काय करतात ते आठवा. जे मूल पाळण्याबरोबर दोन पावलं पळतं आणि मग दांडा धरतं, त्याला हिसका बसत नाही. जे उभ्या जागेवरून दांडा पकडतं, त्याचा हात खांद्यातून ओढला जातो. सिंक्रोमेश ती दोन पावलं पळण्याचं काम करतं. मोटरसायकलमध्ये ही सोय नसते. जागा कमी, वजन कमी ठेवायचं, आणि गिअर झटकन बदलायचा असतो, म्हणून ती बहुधा वगळलेली असते. ती दोन पावलं पळण्याची जबाबदारी तुमच्या क्लचवर आणि थ्रॉटलवर येते.

आणखी एक फरक आहे. कारच्या चक्रांचे दात तिरके कापलेले असतात, म्हणून ते हळूहळू एकमेकांवर येतात आणि आवाज दबतो. मोटरसायकलच्या गिअरचे दात बहुतेक सरळ असतात. त्यामुळे पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये गाडी ओढताना बारीक ‘ऊंऽऽ’ असा सूर येतो. वेगाबरोबर तो चढत-उतरत असेल आणि रोज सारखाच असेल, तर त्याची काळजी सोडून द्या.

## न्यूट्रलमधून पहिला: सगळ्यात मोठा आवाज इथेच का?

गाडी उभी आहे, इंजिन चालू आहे, क्लच पूर्ण दाबलेला आहे. क्लच दाबल्यावर इनपुट शाफ्ट थांबायला हवा. पण तो लगेच थांबत नाही, आणि बऱ्याचदा पूर्ण थांबतच नाही.

बहुतेक मोटरसायकलींचा क्लच ओला असतो, म्हणजे इंजिन ऑइलमध्ये बुडालेला. त्यात एकाआड एक अशा अनेक चकत्या असतात. क्लच दाबला की चकत्यांवरचा दाब जातो, पण त्यांच्यामधलं ऑइल चिकट असल्याने फिरणारी चकती शेजारच्या चकतीला थोडं ओढत राहते. या ओढीला क्लच ड्रॅग म्हणतात. परिणाम असा की इनपुट शाफ्ट फिरतोय, आणि मागचं चाक जमिनीवर उभं असल्याने आउटपुट शाफ्ट ठप्प. एक फिरता, एक स्थिर. त्या दोघांना खुंटांनी जखडलं की ‘खट्ट’ होणारच, आणि गाडी जरा हलणारच.

थंड इंजिनावर हा आवाज मोठा असतो, त्याची कारणं दोन. थंड ऑइल घट्ट असतं, म्हणून ओढ जास्त. शिवाय फ्युएल इंजेक्शनच्या गाड्या थंड असताना आयडलिंगच्या, म्हणजे थ्रॉटल न देता चालणाऱ्या इंजिनाच्या, फेऱ्या आपोआप वाढवून ठेवतात, आणि गरम झाल्यावर खाली आणतात. फेऱ्या जास्त म्हणजे इनपुट शाफ्टही जोरात. रात्रभर उभ्या गाडीत क्लचच्या चकत्या एकमेकींना चिकटूनही बसतात.

उपाय साधे आहेत. इंजिन चालू केल्यावर आयडलिंग खाली येऊ द्या, मग क्लच मुठीपर्यंत दाबा, दोन-तीन सेकंद तसाच धरा आणि त्यानंतर पहिला टाका. तेवढ्या वेळात इनपुट शाफ्टची गती बरीच उतरते. दिवसाची पहिली वेळ असेल तर इंजिन चालू करण्याआधी गाडी गिअरमध्ये ठेवून, क्लच दाबून, एक-दोनदा पुढेमागे ढकला. चिकटलेल्या चकत्या सुटतात.

या आवाजात तुमच्या पायाचा दोष किती कमी आहे, याचा एक चांगला दाखला आहे. होंडाने २०१० सालच्या व्हीएफआर१२००एफ या मोटरसायकलमध्ये ड्युअल क्लचचा, म्हणजे दोन क्लच असलेला, स्वयंचलित गिअरबॉक्स दिला. त्यात पायाने गिअर टाकायचाच नाही, बटण दाबायचं. तरी उभ्या गाडीत न्यूट्रलवरून ‘डी’ (ड्राइव्ह) दाबलं की अशा गाड्याही ‘ठक्’ वाजतात. गिअर टाकणारा माणूस असो की मोटर, खुंट तेच आणि खाचही तीच.

## पहिल्यातून दुसरा का अडतो

याचं उत्तर आकड्यांत सापडतं. गिअरचं प्रमाण म्हणजे आउटपुट शाफ्टच्या एका फेरीमागे इनपुट शाफ्टच्या होणाऱ्या फेऱ्या. समजा एका गाडीत पहिल्या गिअरचं प्रमाण २.८ आहे आणि दुसऱ्याचं १.८. पहिल्यात इंजिन मिनिटाला ४००० फेऱ्यांवर असताना तुम्ही दुसरा टाकता. गाडीचा वेग तर तोच आहे, म्हणजे दुसऱ्यात इंजिनाची गती असायला हवी ४००० गुणिले १.८ भागिले २.८, साधारण २५७०. म्हणजे जवळजवळ १४३० फेऱ्यांचा फरक मिटवायचा आहे.

आता पाचव्यातून सहावा घ्या. पाचव्याचं प्रमाण १.० आणि सहाव्याचं ०.८८ धरलं तर ४००० वरून ३५२० वर यायचं, फरक फक्त ४८०. म्हणून वरचे गिअर अलगद पडतात आणि पहिला-दुसरा भांडतात. प्रत्येक गाडीचे आकडे वेगळे, पण सर्वात मोठी उडी सहसा याच दोघांमध्ये असते.

त्यात भर म्हणजे बहुतेक गाड्यांत पहिल्या आणि दुसऱ्याच्या मध्ये न्यूट्रल असतो. त्यामुळे इथे पायाला लांबचा प्रवास करावा लागतो. पाय अर्धवट उचलला गेला तर गाडी न्यूट्रलमध्ये अडकते, किंवा खुंट खाचेच्या तोंडाशीच राहतात. दोन गिअरच्या मध्येच असं अधांतरी राहिलं तर त्याला ‘फॉल्स न्यूट्रल’ म्हणतात. नव्या गाडीत महिन्यातून एखाद-दोनदा झालं तर ते सवयीचं असतं. रोज होत असेल तर कारण शोधायला हवं.

## पाय हलका ठेवायचा की ठाम?

आवाज येतो म्हणून नवा चालक एक गोष्ट हमखास करतो. तो गिअर हळू, जपून, अगदी अलगद टाकायला लागतो. हेतू चांगला आहे, पण गिअरबॉक्सला याचा त्रासच होतो. पाय हळू सरकला की खुंटांची टोकं खाचेच्या कडेवर घासत राहतात. रोज असं झालं तर त्या तीक्ष्ण कडा गोल होत जातात, आणि गोल कडा ताकद आली की गिअर धरून ठेवत नाहीत. एक ठाम ‘खट्’ हा दहा वेळा घासलेल्या ‘खर्र’पेक्षा फार चांगला. मला या लेखातली एकच गोष्ट प्रत्येक नव्या चालकाच्या पायापर्यंत पोचवायची असेल, तर ती ही.

ठाम म्हणजे लाथ मारणं नव्हे. लिव्हर शेवटपर्यंत न्यायचा, क्लच सोडेपर्यंत तिथेच धरायचा, आणि मग पाय पूर्ण काढून घ्यायचा. पुढच्या गिअरसाठी लिव्हर मधल्या जागी परत यावाच लागतो. पाय त्याच्यावर टेकलेला राहिला तर तो नीट परत येत नाही आणि पुढचा गिअर चुकतो. शिवाय सतत टेकलेल्या पायाने फोर्कवर दाब राहतो, आणि फोर्क झिजतो.

वरचा गिअर टाकताना क्रम असा ठेवून बघा. बूट आधीच लिव्हरखाली नेऊन नुसता टेकवा. थ्रॉटल बंद करणं आणि क्लच दाबणं एकाच क्षणी करा. त्याच क्षणी लिव्हरही ठामपणे उचला. क्लच सोडा, थ्रॉटल उघडा. चालत्या गाडीत क्लच मुठीपर्यंत दाबायची गरज नसते, पकड सुटते त्याच्या जरा पुढे गेला तरी पुरतं. थ्रॉटल उशिरा बंद झाला की इंजिन मध्येच ओरडतं आणि फरक आणखी वाढतो. पहिल्यातून दुसऱ्याला मात्र जरासा जास्त वेळ द्या, कारण उतरायच्या फेऱ्या जास्त आहेत. आणि पहिला गिअर ताणू नका. तो गाडी हलवण्यापुरता आहे. जितक्या चढ्या फेऱ्यांवर दुसरा टाकाल, तितका फरक मोठा आणि आवाजही मोठा.

खालचा गिअर टाकताना गणित उलटं होतं. इंजिनाच्या फेऱ्या वाढायला हव्या असतात. म्हणून क्लच दाबलेला असताना थ्रॉटल क्षणभर हलकासा उघडा, गिअर खाली घ्या, क्लच सोडा. सुरुवातीला हे जमत नाही. हात आणि पाय एकत्र यायला वेळ लागतो. पण एकदा जमलं की गाडीचं नाक खाली झुकणं, मागच्या चाकाचा हिसका आणि गिअरचा ‘खडक्’ हे सगळंच एकदम कमी होतं. काही नव्या गाड्यांत स्लिपर क्लच असतो, म्हणजे गिअर उतरवताना थोडा घसरू देणारा क्लच; तो चाकाचा हिसका शोषतो, पण खुंटांच्या गतीतला फरक त्याला मिटवता येत नाही.

बोटांकडेही बघा. बरेच जण दोन बोटांनी क्लच ओढतात आणि उरलेली दोन बोटं मुठीवर ठेवतात. लिव्हर त्या बोटांवर येऊन अडतो आणि क्लच अर्धवटच सुटतो. चालत्या गाडीत हे खपून जातं. उभ्या गाडीत पहिला टाकताना किंवा न्यूट्रल शोधताना मात्र हीच अर्धवट पकड आवाजाचं कारण ठरते. उभं असताना चारही बोटं वापरा.

## थांबल्यावर न्यूट्रल सापडत नाही, गिअर उतरत नाही

दुसऱ्या किंवा तिसऱ्या गिअरमध्ये थांबलात आणि मग पहिल्यावर यायला गेलात, तर लिव्हर दगडासारखा घट्ट लागतो. गिअरबॉक्स जाम झालेला नसतो. दोन्ही शाफ्ट जवळपास थांबलेले असतात आणि खुंटासमोर खाच न येता खुंटच आलेला असतो. पायाचा जोर वाढवून काही होत नाही. क्लच अगदी थोडा सोडून पुन्हा दाबा, किंवा गाडी बोटभर पुढे सरकवा. शाफ्ट किंचित फिरतो आणि गिअर पडतो. त्याहून बरं म्हणजे थांबता थांबताच, चाक फिरत असताना, एकेक गिअर उतरवत यायचं.

न्यूट्रलचंही तसंच. गाडी पूर्ण थांबायच्या आधी, शेवटच्या काही पावलांत तो सहज मिळतो. सिग्नलला पहिल्यात क्लच दाबून बसलं की क्लच तापतो, ओढ वाढते, आणि मग न्यूट्रल आणखी हट्टाला पेटतो. कावासाकीच्या अनेक मॉडेलांत यासाठी एक छान सोय असते. उभ्या गाडीत पहिल्यातून लिव्हर उचलला की आतल्या पोलादी गोळ्यांमुळे गिअर न्यूट्रलच्या पुढे जाऊच शकत नाही. अशी गाडी घेतली असेल तर उभ्या गाडीत दुसरा पडत नाही म्हणून घाबरू नका, ती तशीच बनवलेली आहे.

## नवेपणाचा वाटा किती?

आहे, आणि चांगलाच आहे. फोर्क ज्या खोबणीत घासतो, ती खोबण, नळकांड्याच्या नागमोडी खाचा, लिव्हरचे सांधे, या सगळ्यांवर कारखान्यातल्या यंत्रकामाच्या बारीक रेषा शिल्लक असतात. चालवता चालवता त्या घासून गुळगुळीत होतात. घासून निघालेला धातूचा चुरा ऑइलमध्ये जातो. पहिली सर्व्हिसिंग लवकर, बऱ्याच गाड्यांत ५०० ते १००० किलोमीटरच्या दरम्यान असते ती प्रामुख्याने हे ऑइल काढून टाकण्यासाठी. ती पुढे ढकलू नका. त्या सर्व्हिसिंगनंतर गिअर एकदम सुधारल्यासारखा वाटतो, कारण ऑइलही नवं असतं आणि क्लचही पुन्हा जुळवलेला असतो.

‘हजार किलोमीटर चालवा, बसेल’ हे शोरूमचं उत्तर इतपत खरं आहे. लिव्हरचा रखरखीतपणा, न्यूट्रल न सापडणं, कधीतरी लागलेला फॉल्स न्यूट्रल, हे कमी होतं. पहिल्या गिअरचा ‘खट्ट’ मात्र मवाळ होईल, नाहीसा होणार नाही, कारण तो नवेपणाचा नव्हताच.

## पाना हातात घेण्याआधी तीन जागा तपासा

पहिली जागा क्लचची केबल. नव्या केबलचं बाहेरचं आवरण सुरुवातीला थोडं दबतं आणि केबलचा ताण बदलतो. क्लच लिव्हरच्या टोकाशी मोकळी हालचाल, म्हणजे प्ले, बहुतेक गाड्यांत १० ते २० मिलिमीटर सांगितलेला असतो. तुमच्या गाडीच्या पुस्तिकेतला आकडा अंतिम. प्ले जास्त झाला की लिव्हर पूर्ण ओढूनही क्लच पूर्ण सुटत नाही. मग पहिला जोरात वाजतो, न्यूट्रल सापडत नाही, आणि सपाट रस्त्यावर क्लच दाबूनही गाडी पुढे सरकायला बघते. नव्या गाडीतल्या कितीतरी तक्रारी फक्त हा प्ले जुळवल्यावर संपतात. उलट टोकाला जाऊन प्ले शून्य करू नका, नाहीतर क्लच घसरून जळेल. हायड्रॉलिक क्लचमध्ये, म्हणजे केबलऐवजी द्रवाच्या दाबावर चालणाऱ्या क्लचमध्ये, प्ले जुळवायचा नसतो; तिथे नळीत हवा राहिली असेल तर तसाच त्रास होतो आणि तो मेकॅनिकने काढायचा.

दुसरी जागा चेन. नवी चेन पहिल्या काही शे किलोमीटरमध्ये लवकर सैल होते. सैल चेन प्रत्येक गिअरला आणि प्रत्येक थ्रॉटलला एक ‘ठक्’ जादाचा देते, आणि आपण तो गिअरबॉक्सच्या नावावर टाकतो. ओळखायची युक्ती सोपी: गिअर न बदलता, एकाच गिअरमध्ये थ्रॉटल बंद-चालू करून बघा. तरीही ‘ठक्’ येत असेल तर आधी चेनकडे बघा. ती गरजेपेक्षा घट्टही नको, कारण मग आउटपुट शाफ्टच्या बेअरिंगवर ताण येतो. किती सैल हवी तो आकडा पुष्कळदा चेनजवळच्या स्टिकरवरच छापलेला असतो.

तिसरी जागा गिअर लिव्हरची उंची. लिव्हर तुमच्या बुटासाठी फार खाली किंवा फार वर असेल तर पाय शेवटपर्यंत जातच नाही. घोटा वाकवायला त्रास होतोय असं वाटलं तर लिव्हर थोडा वरखाली करून घ्या. काम पाच मिनिटांचं असतं, आणि फॉल्स न्यूट्रल याने थांबलेले मी पाहिले आहेत.

## ‘चांगलं ऑइल टाकलं तर?’

मोटरसायकलमध्ये बहुधा एकच ऑइल तीन कामं करतं: इंजिनाला वंगण, क्लचला आंघोळ, आणि गिअरबॉक्सची चक्रं. गिअरचे दात ऑइलला सतत चिरडत असतात, म्हणून ते जुनं होत आलं की पातळ पडतं आणि गिअर पुन्हा रखरखीत लागू लागतात. तेव्हा वेळेवर ऑइल बदलण्याने फरक पडतो, यात शंका नाही.

पण महागाचं ऑइल टाकलं की खट्ट जाईल, असं मात्र नाही. पुस्तिकेत सांगितलेला ऑइलच्या घट्टपणाचा दर्जा, उदाहरणार्थ १०डब्ल्यू-३० किंवा २०डब्ल्यू-४०, तोच ठेवा. डब्यावर ‘जासो एमए’ किंवा ‘एमए२’ लिहिलंय का ते बघा. हे ओल्या क्लचसाठीचं जपानी मानक आहे. कारच्या अनेक ऑइलमध्ये घर्षण कमी करणारी रसायनं असतात, आणि ती क्लचच्या चकत्यांना घसरवू शकतात. ‘जासो एमबी’ हे कमी घर्षणाचं ऑइल, ते प्रामुख्याने ज्यांचा क्लच ऑइलमध्ये नसतो अशा स्कूटरसाठी. ऑइलची पातळी वरच्या खुणेच्या पुढे नेऊ नका. जास्त ऑइलने क्लचची ओढ वाढते. आणि पहिल्या सर्व्हिसिंगच्या आधी ऑइलचे प्रयोग करूच नका.

## ‘त्याच मॉडेलची दुसरी गाडी गप्प आहे, माझीच का वाजते?’

तुलना करायला हरकत नाही, पण दोन्ही गाड्या सारख्या गरम, सारख्या किलोमीटरच्या आणि सारख्या जुन्या ऑइलवरच्या हव्यात. पाच हजार किलोमीटर चाललेल्या गाडीशी कोऱ्या गाडीची तुलना कुठेच नेत नाही. शक्य असेल तर एकाच माणसाने दोन्ही लागोपाठ चालवून बघाव्यात. त्यातून फरक गाडीचा आहे की पायाचा, हे लगेच कळतं.

‘क्लच न दाबता वरचा गिअर टाकला तर आवाजच येत नाही,’ असंही अनेक जण सांगतात. योग्य क्षणी थ्रॉटल सोडला तर खुंटांवरचा ताण जातो आणि गिअर खरंच अलगद पडतो. क्विकशिफ्टर नेमकं तेच यंत्राने करतो: लिव्हर हलताच इंजिनाची ताकद क्षणभर तोडतो. पण चुकलेला क्षण खुंटांच्या कडा खातो. हात बसलेला नसताना कोऱ्या गाडीवर हा प्रयोग करू नये असं माझं स्पष्ट मत आहे. क्विकशिफ्टर असलेल्या गाडीतसुद्धा कमी वेगाला, शहरातल्या रांगेत क्लच वापरा. तो चढ्या फेऱ्यांवर आणि उघड्या थ्रॉटलवर नीट चालतो, खाली तो हमखास हिसका देतो.

## खरी काळजी कधी करायची

एकटा आवाज सहसा काही सांगत नाही. आवाजाबरोबर पुढचं काही घडलं तर थांबू नका. ताकद दिली की गिअर आपोआप निसटून न्यूट्रलमध्ये येतो. गरम इंजिनावर, क्लच पूर्ण दाबूनही प्रत्येक गिअरला ‘खर्र’ होते. लिव्हर दाबल्यावर परत येत नाही. क्लचचा प्ले बरोबर असूनही गाडी पहिल्यात पुढे ओढते. ऑइल काढताना चुंबकी नटावर करड्या पेस्टऐवजी धातूचे तुकडे निघतात. बारीक करडी पेस्ट नव्या गाडीत येतेच, तुकडे येऊ नयेत. यातलं गिअर निसटणं सगळ्यात गंभीर, कारण ते ऐन ओव्हरटेकमध्येही होऊ शकतं आणि चालवत राहिलं तर वाढतच जातं.

सर्व्हिस सेंटरला जाताना ‘गिअर वाजतो’ एवढंच सांगितलं तर ‘सगळ्याच गाड्यांना वाजतो’ हेच उत्तर मिळेल. त्याऐवजी आधी लिहून न्या: कोणत्या गिअरमधून कोणत्या गिअरमध्ये जाताना, इंजिन थंड असताना की गरम, साधारण किती फेऱ्यांवर, चढवताना की उतरवताना, दहापैकी किती वेळा. आणि मेकॅनिकला गाडी उभ्या जागी न दाखवता, इंजिन गरम झाल्यावर, तुम्ही मागे बसून त्याला चालवायला लावा. त्याच्या पायाखाली तोच गिअर तसाच निसटला, तर जॉब कार्डवर ते त्याच शब्दांत लिहून घ्या आणि किलोमीटरचा आकडाही टाकायला सांगा. वॉरंटीत पुढे काही बदलायची वेळ आली तर त्या कागदाचा उपयोग होतो.